चपला सरळ करण्याचे पाच गुण

"मग तिच्याकडे असं काय आहे, उस्तानीमा, जे माझ्याकडे नाही?"

विचारून झाल्यावर तस्कीनला कळलं, आपला आवाज जरा जास्तच चढला.

उस्तानीमा ओटीवर बसून कोकमासाठी रातांबे फोडत होत्या. बिया भांड्यात, सालं सुपात. हात मनगटापर्यंत लाल.

अजून एक रातांबा फुटला.

"सफुरानं एक कुराण वाचून पुरं केलं, तेही तुमच्याच ओटीवर. त्याच्यापुढं एक किताब तिला उघडता येत नाही. मी पाच वर्षं घर सोडून राहिले. सनद आणली. आणि जमातीनं दोघींची नावं एका ओळीत लिहिली."

"कुणाचं वर लिहिलं?"

"...तिचं."

"हं," उस्तानीमा म्हणाल्या. "तिथं दुखलं होय?"

गोष्ट अशी होती. खाडीकाठच्या बंदरमोहल्ल्यातल्या पोरी चाळीस वर्षं या ओटीवरच उस्तानीमांच्या हाताखाली शिकल्या. आता मशिदीमागं मुलींची नवी शाळा झाली होती. गणित, विज्ञान, कुराण, सगळं एका छपराखाली. बाक आले, फळे आले, निकालपत्रं आली. पोरी पटापट उत्तरं द्यायला लागल्या आणि घरी आजीलाही तशीच उत्तरं द्यायला लागल्या.

तेव्हा मोहल्ल्याचा कारभार बघणाऱ्या जमातीतले जाणते म्हणाले, जुन्या बुजुर्गांनी मनाची मशागत करायची रीत घालून दिलीय. सबर कसा धरावा, नम्रता कशी यावी, दुसऱ्याचं भलं झालं तर आपल्या पोटात का दुखू नये. ती शाळेत आणा. तरबियतचा, संस्कारांचा तास ठेवा. तो कुणी घ्यायचा, ते उस्तानीमा शुक्रवारी सांगतील.

नावं दोनच होती. तस्कीन, घाटावरच्या मोठ्या मदरशातून धर्मशास्त्र शिकून आलिमा होऊन आलेली, वरच्या वर्गांना शिकवणारी. आणि सफुरा, दिवसभर मशीनवर बुरखे शिवणारी, सकाळी तास दीड तास लहान मुलींकडून अलिफ-बे घोकून घेणारी.

त्या लहान मुलींत तस्कीनची मदिहाही होती. सहा वर्षांची. घरी येऊन म्हणायची, "अम्मी, सफुराआपा असं नाही करत." ताट आपटलं, की सफुराआपा. शेजारणीबद्दल चार शब्द बोललं, की सफुराआपा. तस्कीनला वाटायचं, या पोरीला नऊ महिने मी वागवलं की त्या शिवणवालीनं?

हे मात्र तिनं उस्तानीमांना सांगितलं नाही. तिनं पिशवीतून हिरवी फाईल काढली.

"हे बघा तरी. वर्षभराचा अभ्यासक्रम केलाय. प्रत्येक महिन्याला एक गुण. सबर, शुक्रगुजारी, नम्रता, सचोटी. हसदचा, दुसऱ्यावर जळण्याचा धडा तर बारा पानांचा आहे."

"माझे हात लाल आहेत. तूच वाच."

तस्कीननं वाचलं. वडीलधाऱ्यांना सलाम करणे, दोन गुण. खरे बोलणे, दहा गुण. चुगली न करणे, दहा गुण. उस्तादांच्या चपला सरळ करणे, पाच गुण, रोज.

उस्तानीमांचा हात थांबला.

"चपलांना पाच?"

"अदब आहे ना. मदरशात आम्हाला किस्से सांगायचे. पूर्वीचे शागीर्द उस्तादांच्या चपला सरळ करायला धावायचे. आमच्या पोरींना नुसतं सांगून काय कळणार? म्हणून गुण ठेवले. सवय लागली की मन आपोआप वळेल."

"मन... आपोआप..." उस्तानीमांनी सूप पुढं ओढलं. "बरं. चालवून बघ. बुधवारी मी येते."

*

बुधवारी उस्तानीमा शाळेत आल्या. काठी दाराला टेकवली. एका पायातली निळी रबरी चप्पल काढली.

दुसरा पाय अजून चपलेतच होता, आणि वर्गातून बावीस पोरी सुटल्या.

तस्कीनला "हळू!" म्हणायलाही सवड मिळाली नाही. एक चप्पल खिडकीवर जाऊन पडली. एकीची ओढणी दुसरीच्या हातात आली. कुणीतरी कुणाचं मनगट चावलं.

"मी आधी धरली!"

"खोटं! अल्लाकसम मी धरली!"

"माझे पाच गुण!"

"अगं बायांनो," उस्तानीमा दाराची चौकट धरून म्हणाल्या, "मला पाय तरी काढू द्या."

तेवढ्यात पट्टा तटकन तुटला. सगळ्या गप्प झाल्या. त्या शांततेत एक दहा वर्षांची पोर, हातात एकच चप्पल धरून, अगदी मनापासून तस्कीनला विचारती झाली...

"आपा, एक सरळ केली तर अडीच मिळतील का?"

तस्कीनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेजारच्या खोलीतून सफुरा आली. काय झालं, कुणी केलं, काही विचारलं नाही. खाली बसली, ओढणीला टोचलेली टाचणपिन काढली, पट्टा भोकातून ओवून खालून पिन लावली, चप्पल उस्तानीमांच्या पायाशी ठेवली.

"तुमच्या चपलेला भाव आलाय, उस्तानीमा," ती हसत म्हणाली. "मी रात्रंदिवस बुरखे शिवते, ते असे कुणी हिसकावत नाही."

मग तस्कीनकडे वळून म्हणाली, "पोरी तुमच्या तडफदार आहेत हं, आपा. माझ्या तर अलिफवरच पेंगायला लागतात."

तस्कीननं त्या बोलण्यात टोमणा शोधला. उलटापालटा करून शोधला. सापडला नाही.

टोमणा असता तर बरं झालं असतं. उलट दोन शब्द ठेवून देता आले असते. आता तो जाळ बाहेर पडायला वाटच उरली नाही, आतल्या आत धुमसत राहिला.

उस्तानीमांनी पिन लावलेली चप्पल घातली आणि काठी टेकत निघून गेल्या.

*

गुरुवारी सकाळी मदिहाला सोडून तस्कीन घरी गेली नाही. शाळेच्या मागच्या जाळीपाशी उभी राहिली. मनाशी म्हणाली, बघू तर खरं, ही असली कोणती जादू करते.

सफुरा उशिरा आली. दारात पोरींच्या चपलांचा ढीग पडला होता, एकीवर एक, उलट्यासुलट्या. सफुरा आतल्या पोरींशी बोलतच खाली वाकली.

"आयेशा, खोकला गेला का गं? ...आणि तुझी आजी आली का मुंबईहून?"

बोलता बोलता ती चपलांच्या जोड्या लावत होती. प्रत्येक जोडीचं तोंड बाहेर, म्हणजे पोर निघताना पाय सरळ आत जावा. लेकराचं नाक पुसताना आई जशी दुसरीकडं बघत असते, तशी ती बघतही नव्हती. पोरीही तिच्याकडं बघत नव्हत्या. रोजचंच होतं ते.

चपलांवर ती अवाक्षर बोलली नाही.

मग धडा सुरू झाला. तस्कीन कान देऊन ऐकू लागली आणि तिचं काळीज एकदम हलकं झालं. सफुरा चुकली! घशातून काढायचं अक्षर तिनं टाळूवरून काढलं. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा. तस्कीननं बोटांवर मोजलं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तास सुटला. पोरी भराभर चपलांत पाय घालून पळाल्या.

मदिहाही पळाली. पण नळापाशी जाऊन थांबली.

तिथं झुबेदाबीच्या चपला होत्या. झुबेदाबी शाळा झाडायची. टाच झिजलेल्या चपला, एक उपडी पडलेली. मदिहानं उपडी उलटली, दुसरीच्या शेजारी ठेवली, दोन्हींची तोंडं बाहेर केली. कुणी बघतंय का, हे वळूनही पाहिलं नाही. आणि उड्या मारत गेली.

तस्कीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या कुणाची पोर असती तर ते पाणी कौतुकाचं असतं. ही आपली होती. आपल्या पोटची पोर अशी निघावी म्हणून तिनं किती दुवा मागितल्या होत्या! पाचही नमाजांत मागितल्या होत्या. दुवा कबूल झाली, पण दुसरीच्या हातून झाली. ते काही केल्या गिळवेना.

घरी गेल्यावर मदिहानं पाणी मागितलं, तर तस्कीन म्हणाली, "जा, तुझ्या सफुराआपाकडं माग."

पोरगी पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

*

शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दोघींना बोलावलं होतं. तस्कीन घटकाभर आधीच गेली.

उस्तानीमा ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. समोर स्टुलावर कोरा कागद आणि पेन.

"उस्तानीमा, तुम्ही ठरवायच्या आधी एक सांगायचंय. चुगली नाही ही. दीनाचा, धर्माचा मामला आहे म्हणून सांगते."

"सांग."

"सफुरा कुराण चुकीचं शिकवते. काल तीनदा चुकली. मी स्वतः ऐकलं."

"तिची जीभ जड आहे. लहानपणापासून." उस्तानीमा थांबल्या. "तू तिला सांगितलंस?"

"...नाही."

"मला सांगायला आलीस."

तस्कीननं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"फाईल आणलीस? तो बारा पानांचा धडा काढ. वाच."

तस्कीन वाचू लागली. आवाज सुरुवातीला ठणठणीत होता. "हसद म्हणजे दुसऱ्याला मिळालेली नेमत, अल्लाची देणगी, त्याच्याकडून जावी, असे वाटणे. आग जशी लाकूड खाते, तसा हसद माणसाच्या नेक्या खातो. हसद करणारा दुसऱ्याच्या चुका मोजतो..."

ती अडखळली.

"पुढं."

"...मोजतो आणि त्यात सुख मानतो."

"इलाज लिहिलायस?"

"लिहिलाय. 'बुजुर्गांनी सांगितले आहे की, ज्याच्याबद्दल हसद वाटतो त्याची चारचौघांत तारीफ करावी. मनात नसली तरी करावी. त्याच्यासाठी दुवा मागावी.'"

"करून बघितलास हा इलाज?"

"उस्तानीमा, मी... मी लिहिलंय हे."

"हं. अक्षर चांगलं आहे तुझं."

खालून खाडीवरच्या होडीचा फटफट आवाज आला आणि लांब गेला.

"तो कागद घे," उस्तानीमा म्हणाल्या. "जमातीला चिठ्ठी धाडायचीय. माझ्या डोळ्यांना आता ओळी दिसत नाहीत. लिही. तरबियतच्या तासासाठी मी सफुरा होडेकर हिचं नाव सुचवते..."

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"लिहिलंस?"

"...लिहिलं."

"कारण."

"कारण... काय, उस्तानीमा?"

"ते तू सांग."

"मी? मी कशी सांगू? दहा वर्षं तुमच्याकडे होती ती. तुम्ही सांगा."

"मला तिची सवय झालीय, मला काही दिसत नाही. तू डोळ्यांत तेल घालून बघितलंयस. तिचं चांगलं तुझ्याइतकं या मोहल्ल्यात कुणी बघितलं नसेल."

तस्कीनला वाटलं उठून जावं. पण उस्तानीमांपुढून न विचारता उठायची तिची छाती नव्हती. तिनं लिहिलं.

"वाच."

"'कारण ती मेहनती आहे.'"

"हे बैल विकतानाही सांगतात. खोड."

खोडलं. पुन्हा लिहिलं.

"'तिचा स्वभाव शांत व मनमिळाऊ...'"

"लग्न जुळवायचंय का तिचं? नवरा आहे तिला. खोड. बघितलंस ते लिही."

तस्कीननं खाली मान घातली. बराच वेळ नुसता पेनाचा आवाज येत राहिला. मध्ये एकदा तो थांबला... पुन्हा सुरू झाला... मग एकदम जोरात काहीतरी खोडल्याचा आवाज आला.

"वाच."

"'कारण ती रोज पोरींच्या चपला सरळ करते. पोरींना सांगत नाही. तिच्या पोरी झुबेदाबीच्याही चपला सरळ करतात. गुण नसताना करतात. त्यांत माझी मुलगी मदिहा आहे. तिला ही अदब मी शिकवलेली नाही. सफुराने शिकवली.'"

"पुढं काय खोडलंस?"

"...'मला याचा आनंद वाटतो.'"

"आणि त्या जागी?"

तस्कीन कागदाकडं बघत राहिली. मग आवाज फुटला तो इतका बारीक की उस्तानीमांना पुढं वाकावं लागलं.

"'मला हे बघवत नाही.'"

तस्कीननं कागदावर पालथा हात ठेवला.

"मी दुसरा कागद घेते. हे काय, जमातीतले पुरुष वाचतील हे! मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही..."

"राहू दे."

"उस्तानीमा..."

"राहू दे, म्हटलं. चाळीस वर्षांत इतकी खरी शिफारस कुणी कुणाची केली नाही माझ्यापुढं." त्यांनी हात पुढं केला. "पेन दे." आणि चाचपडत, ओळ सोडून, वाकडीतिकडी सही केली.

तेवढ्यात सफुरा आली, कपाळावरचा घाम ओढणीनं पुसत. "उशीर झाला, माफ करा. गिऱ्हाईक बसून होतं. म्हणे, बाही अर्धा इंच वाढवा. आता वाढवायला कापड काय मी खाल्लंय?" मग दोघींचे चेहरे बघून थांबली. "...काय झालं? तुम्ही का रडताय, आपा?"

"तरबियतचा तास तुला दिलाय," उस्तानीमा म्हणाल्या.

"मला?" सफुरा मटकन खालीच बसली. "तौबा, तौबा. मला दोन ओळी धड वाचता येत नाहीत. तस्कीनआपांची फाईल मी बघितलीय. त्यातलं निम्मं तर मला समजलंच नाही. पोरींनी काही विचारलं तर मी काय करू? बुरखा शिवून दाखवू?"

तस्कीननं डोळे पुसले. फाईल उचलून पिशवीत घातली आणि उठली.

"मी निघते, उस्तानीमा. माझं इथं काही काम उरलं नाही."

"फाईल ठेव."

"कशाला? गुण तर तुम्ही सगळे काढून टाकणार."

"गुण काढ. हसदचा धडा राहू दे. तो तू घ्यायचास."

तस्कीनला वाटलं, आपली थट्टा चाललीय. आतापर्यंत धरून ठेवलेलं सगळं सुटलं.

"का मीठ चोळताय जखमेवर? आत्ता माझ्याच हातानं लिहून घेतलंत की! मी जळतेय. काल माझ्या पोरीला मी पाणी दिलं नाही, का, तर तिनं हिचं ऐकलं म्हणून. आणि मी पोरींना शिकवू, की जळू नका? सफुराला सांगा शिकवायला. तिचं मन साफ आहे. तिला हे कधी शिवलंसुद्धा नाही."

सफुरा गोंधळून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती.

उस्तानीमांनी तस्कीनचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"तेच म्हणते मी... पोरींनी विचारलं, आपा, हा हसद नेमका कुठं दुखतो, तर ती बिचारी बोट कुठं ठेवेल?"